बैलाचा खांदा

ताडकळसच्या बाजारात एक जण बाभळीच्या लाकडाचे बैल कोरतो. कुणाकडे शिकलेला नाही. गिऱ्हाईक ताटकळलं तरी बोलणार बैलाशीच, "हालू नको गड्या, कान करायलोय."

आमची बैलजोडी विकून ट्रॅक्टर आला, म्हणून पोळ्याला पुजायला त्याच्याकडून एक बैल घेतला. मानेवर जू घासून पडतो तसा घट्टाही त्यानं कोरला होता, खरखरीत. मी म्हणालो, "तेवढा गुळगुळीत करून द्या."

"करतो की दादा. पण मग ह्यानं जल्मभर बसून खाल्लं, असं दिसंल."

तसाच आणला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. आईनं सवयीनं हळद-तूप कालवलं. लाकडी मानेवरून फिरणारा तिचा हात घट्ट्यावर थांबला. मग ती आत जाऊन आणखी तूप घेऊन आली.