पश्चात्ताप होत नाही, फादर

माझी थोरली बहीण सोळा वर्षं लग्न ठरलेल्या जोडप्यांना दिवस मोजायला शिकवत होती.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्साची प्रार्थना आटोपली की चर्चच्या मागच्या हॉलमध्ये विवाहपूर्व वर्ग भरायचा. फादर प्रेम, क्षमा आणि सासू या तीन विषयांवर बोलायचे. मग एक वकील येऊन कायदा सांगायचे, तोवर अर्धी मुलं पेंगायला लागलेली असायची. शेवटचा तास ताईचा. ती भिंतीवर मोठा तक्ता टांगायची आणि सगळे खडबडून जागे व्हायचे. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आत ताप मोजायचा, तक्त्यावर टिंब काढायचं, टिंबं जोडायची, रेघ कधी चढते ते बघायचं आणि त्यावरून कुठल्या दिवशी जवळ यायचं, कुठल्या दिवशी नाही, ते ठरवायचं. गोळ्या नाहीत, साधनं नाहीत, ऑपरेशन तर नाहीच. आमच्या चर्चला मान्य असलेला मार्ग एवढाच. पोरं तिला तक्तेवाली बाई म्हणायची.

शेवटच्या वर्षांत दर वर्गात एखादा आगाऊ निघायचाच. "बाई, तुम्हाला मुलं किती?"

"चार."

हॉलमध्ये खसखस पिकायची. ताईही हसायची आणि म्हणायची, "चारही हवी होती, बाळा. नको असतं तर थांबलो असतो. थांबता येतं, एवढंच मी शिकवते."

आणि ते खरं होतं. थापा मारणं तिला जमायचंच नाही. लहानपणी डब्यातली बिस्किटं संपली की आई दोघींना उभं करायची. मी सरळ नाही म्हणायचे. ताई स्वतःचं कबूल करायची, आणि वर माझंही.

मीही त्याच वर्गात बसले होते, वही भरून लिहून घेतलं होतं. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. फादरना विचारलं नाही, ताईला सांगितलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. मला एकच मुलगी आहे आणि मी दर रविवारी इतरांबरोबर रांगेत उभी राहून कम्युनियन, म्हणजे फादरच्या हातची पवित्र भाकर, घेते. माझं असं निभावून गेलं. ताईचं निभावलं नाही, कारण ती विचारायला गेली.

भावोजी चर्चच्याच शाळेत क्लार्क होते आणि राहायची जागाही शाळेचीच, वर्गखोल्यांच्या मागे दोन खोल्या. चौथं मूल अजून अंगावर पीत होतं, पाळी सुरू झालेली नव्हती, त्यात ताईला फ्लू झाला. तापाच्या टिंबांचा काही मेळ लागेना. रेघ कुठे चढली आणि कुठे उतरली हे इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाईलाही कळलं नाही. पाचवा राहिला.

चौथ्याच्या वेळीच सिझेरियन झालं होतं. पाचव्याच्या वेळी पुन्हा पोट उघडावं लागलं, रक्त थांबेना, पाच बाटल्या चढवल्या. बाळ ठणठणीत होतं. ताई मात्र दोन दिवस कागदासारखी पांढरी पडून होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीण आली, दार लोटून घेतलं आणि खुर्ची ओढून बसली. मी तिथेच होते.

"गर्भपिशवी पार पातळ झालीय," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला फाटेल. मग मी काही करू शकेन असं वाटत नाही. पुढची खेप नको."

"मग आता पोट उघडलं होतं तेव्हाच नळ्या का नाही बंद केल्यात?" मी विचारलं.

डॉक्टरिणीने भिंतीवरच्या क्रूसाकडे पाहिलं. हॉस्पिटल नन्सचं होतं. "दोन मिनिटांचं काम होतं," ती हळूच म्हणाली. "पण या इमारतीत ते होत नाही."

घरी आल्यावर भावोजींनी आपली खाट उचलली आणि शाळेच्या सामानाच्या खोलीत नेऊन टाकली, मोडकी बाकं आणि जुने नकाशे यांच्यामध्ये. मुलांना सांगितलं, बाळ रडतं, बाबांना सकाळी कामावर जायचं असतं. ही दोघं एकमेकांवर किती जीव टाकायची ते मला माहीत होतं. भावोजी शाळेतून आले की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून दिवसभराच्या गमती सांगायचे, ताई हसता हसता वाफेत तोंड भाजून घ्यायची. आता त्या अरुंद दारातून एकाला जायचं असलं की दुसरं आधी बाजूला व्हायचं. ताट देताना बोटाला बोट लागलं तरी ताई दचकायची. "मला त्यांची भीती वाटत नाही गं," ती मला म्हणाली. "माझीच वाटते."

तरी एकदा आठ महिन्यांनी मुलं मावशीकडे, म्हणजे माझ्याकडे, राहायला आली होती आणि घरात दोघंच होती. तक्ता म्हणत होता आज चालेल. पुढचे चाळीस दिवस पाळी आली नाही. ते चाळीस दिवस मी पाहिलेत. ती उकळत्या भांड्यासमोर उभी राहायची आणि उतू गेलेलं दिसायचं नाही. थोरल्या मुलीला तिने धाकट्याला अंघोळ घालायला, पेज भरवायला शिकवलं, सगळ्यांचे कपडे कुठे आहेत ते दाखवलं. थोरली पंधरा वर्षांची. तिने मला विचारलं, "मावशी, आई कुठे जाणार आहे का?"

मधल्या रविवारी वर्ग होताच. एका मुलीने हात वर केला. "बाई, पाळी नियमित नसेल तर?"

ताईने पुस्तकातलं उत्तर दिलं. मुलीने ते लिहून घेतलं. घरी येऊन ताई मला म्हणाली, "ती लिहून घेत होती गं. शब्द न् शब्द."

एकेचाळिसाव्या दिवशी पाळी आली. ताई सरळ फादरकडे गेली.

आमचे फादर वाईट नव्हते, हे सांगायलाच हवं. म्हातारे, गुडघे धरलेले, आजाऱ्यांकडे सायकलने जाणारे. ताई हॉस्पिटलात असताना रोज यायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"फादर, मला ऑपरेशन करून घ्यायचंय. परवानगी द्या."

"ती माझ्या हातात नाही, मुली. बिशपांच्याही हातात नाही. संयम हाच..."

"संयमच करतोय, फादर. नवरा-बायको एका घरात चोरासारखे वावरतोय. हे लग्न आहे का?"

"कधीकधी क्रूस जड असतो."

"मी उचलेन. पण मी मेले तर तो माझ्या थोरलीच्या डोक्यावर येणार. तिने कुठे लग्नाची शपथ घेतलीय?"

फादरनी दुखरा गुडघा चोळला. मग म्हणाले, "जग म्हणतं माणसं फार झाली. आपण एकाही मुलाकडे बोट दाखवून 'हे फार झालं' म्हणत नाही. ते धरून ठेवायचं तर हेही धरावं लागतं. मला दुसरं काही सांगता आलं असतं तर सांगितलं असतं."

ताईला त्यातलं मुलांबद्दलचं वाक्य पटायचं. 'हेही धरावं लागतं' यापाशी तिची गाडी अडायची.

समोरच्या घरात दुसऱ्या पंथाच्या, प्रोटेस्टंट चर्चचे पाळक राहायचे; त्यांच्यात धर्मगुरूंना लग्न करता येतं. पाळकीणबाईंना दोन मुलं होती आणि पुढे नको म्हणून पाळकांनी काय करून घेतलंय हे त्यांनी कपडे वाळत घालता घालता ताईला सांगितलेलं होतं. "आमच्यात हे नवरा-बायकोवर सोडलंय. प्रार्थना करायची आणि आपली अक्कल वापरायची. तीही देवानेच दिलीय ना?"

"बायबल तर एकच आहे," ताई म्हणाली. "मग चूक कोण, आम्ही की तुम्ही?"

"ते मला नका विचारू. माझं दूध उतू जातंय," म्हणून त्या आत पळाल्या. ताई मला म्हणाली, "बघ, रस्ता आठ पावलांचा आहे. पलीकडे तेच पाप नाही."

"मग जा पलीकडे."

"घर बदलतात का असं? सोय होते म्हणून?"

मी भावोजींना एकदा गाठलं. "तुम्ही करून घ्या की. पुरुषांचं सोपं असतं." ते नाहीच म्हणाले. त्यांच्यासाठीही ते तितकंच पाप होतं, आणि नोकरी चर्चची, डोक्यावरचं छप्पर चर्चचं. ताईचं ऑपरेशनचं ठरलं तेव्हा तिने त्यांना सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "मला सांगू नकोस. सांगितलंस तर मला माहीत असेल." आणि ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी रजा काढली, पाचही मुलांचं जेवणखाण केलं, धाकट्याची लंगोटी उलटी बांधली, आणि कुठे चाललीस म्हणून एका शब्दाने विचारलं नाही.

सरकारी दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, कुणी ओळखीचं भेटू नये इतका लांब. भिंतीवर दोन मुलांच्या हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. टेबलामागची बाई फॉर्म भरत होती.

"मुलं किती?"

"पाच."

"पाच!" तिने पेन खाली ठेवलं. "अहो, जगात उभं राहायला जागा नाही उरली. तुम्हा लोकांना कुणी सांगतच नाही का?"

मला वाटलं ताई रडेल. तिचा चेहरा लाल झाला. "पाचांची नावं सांगते," ती म्हणाली. "त्यातलं कुठलं जास्त झालं ते तुम्ही निवडा. मी उद्या परत आणून देते."

ती उठलीच होती. मी हात धरून बसवलं. त्या घटकेला मला कळलं की हिला इथेही जागा नाही. तिकडे फादर, इकडे ही बाई, आणि दोघांच्या मधे एवढंसं स्टूल.

फॉर्मवाली ओशाळली. आवाज उतरवून म्हणाली, "कारण काय लिहू?"

"भीती लिहा."

"तसा रकाना नाही हो." तिने लिहिलं, कुटुंब पूर्ण.

ऑपरेशन पाऊण तासात झालं.

आठवड्याने ताई पापनिवेदनाला गेली. जाळीमागे फादर, अलीकडे ती गुडघ्यांवर. तिने सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पश्चात्ताप होतो?"

"झोप लागते, फादर. दीड वर्षाने लागायला लागली. चुकलं असेल, तुम्ही म्हणता तर असेलही. पण पश्चात्ताप होत नाही."

त्याशिवाय क्षमा देता येत नाही. ते म्हणाले, "पुन्हा ये." ती पुढच्या शनिवारी गेली. त्याच्या पुढच्याही. चार शनिवार गेली आणि चारही वेळा तेच खरं सांगून परत आली. मी चिडून म्हटलं, "म्हण ना एकदा, होतो म्हणून! मी काय काय म्हणते त्या जाळीसमोर!"

"देवाशी खोटं बोलून देवाकडून क्षमा घ्यायची?" ती खरोखरच कोड्यात पडली होती.

क्षमा मिळाल्याशिवाय कम्युनियन घ्यायची नसते, म्हणून तेव्हापासून ती रांगेसाठी उठली नाही. बाकावरची सगळी माणसं उठायची, तिची पाचही मुलं यथावकाश तिच्या गुडघ्यांना घासून रांगेत जायची, आणि ती पाय आक्रसून वाट द्यायची. फादरनी कुणाला एक शब्द सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती, रिकाम्या बाकावर एकटी बसलेली बाई लांबूनही दिसते. वर्ग तिने स्वतःहून सोडला. शाळेतून भावोजींना कुणी काही बोललं नाही. पण मुख्याध्यापकांनी नुसती हाक मारली तरी पुढची कित्येक वर्षं ते आधी आपलं टेबल आवरून ठेवायचे, मग उठायचे.

मला वाटलं होतं, निदान घरातली भिंत तरी पडेल. पडली नाही. भावोजी सामानाच्या खोलीतच राहिले. आधी तिच्या जिवाची काळजी होती, आता त्यांना वाटायचं की आपण जवळ गेलो तर ते पाप आपणही वाटून घेतलं. तेही फार प्रामाणिक माणूस. प्रामाणिक माणसांच्या जोडीच्या शेजारी कधी राहू नये, जीव घुसमटतो. सहा वर्षं अशी गेली. ताई एकदा मला म्हणाली, "मी दार उघडलं, पण बाहेर कुणीच नव्हतं गं."

सातव्या वर्षी एका रविवारी कम्युनियनची रांग लागली आणि भावोजी उठले नाहीत. शेजारच्या माणसाने ढोसलं, तर म्हणाले, "पाय दुखतोय." पुढच्या रविवारीही पाय दुखत होता. तिसऱ्या रविवारी पाळकीणबाईंनी तेलाची बाटली पाठवली. त्याच महिन्यात त्यांची खाट घरी परत आली. ती उचलायला मीच हात लावला. ताईने फक्त खाटेचे पाय पुसून घेतले.

आज ताई एकसष्ट वर्षांची आहे. पाळी जाऊन दहा वर्षं झाली, म्हणजे ज्याचं सगळं रामायण, ते शरीराने स्वतःच मिटवून टाकलं. म्हातारे फादर वारले. नवे फादर तरुण आहेत, मोबाइलवरून गाणी लावून पोरांना नाचवतात. त्यांनी दोघांना बाकावर बसलेलं पाहिलं आणि एकदा बाहेर गाठून म्हणाले, "या की एकदा, बोलू. मार्ग निघतात."

मी म्हटलं, "जा ना ताई. किती वर्षं बसणार?"

"जायला हवं," ती म्हणाली. "पण ते पहिल्यापासून विचारणार. आणि मी पुन्हा तेच सांगणार."

अजून गेलेली नाही.