हवेचा काटा

घाटात ब्रेकची हवा संपली, मीटरचा काटा भरलेली दाखवत राहिला, आणि माझा भाऊ गेला.

तोच ट्रक चालवीन म्हणून पुतण्या हटून बसला, तेव्हा नव्या मीटरसाठी माझ्या धुळ्याला खेपा सुरू झाल्या. दुकानदार शेजारच्या टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरला एकेक मीटर जोडी, काचेवर टिचकी मारी आणि संशयानं काट्याकडे बघत राही. मी खोकी वाचत बसे.

"सर, खोकावर बठ्ठं खरंच लिखेल ऱ्हास!" तो हसून म्हणाला; खोक्यावर सगळं खरंच लिहितात, असा टोमणा.

एकदा हवा सोडली तरी काटा खाली आला नाही. तो कोरा मीटर त्यानं हातोडीनं फोडला.

"अहो, परत करायचा ना!"

"मंग तो दुसराना गाडीमा लागी जाई."

पुढच्या मीटरचा काटा हवेबरोबर उतरला. तोच आम्ही बसवला.

भाऊ नाही. ट्रक रावेरहून केळी नेतो, आणि पुतण्या तो चालवतो.