मोठ्या पॉइंटचं पिंप

ठकुबाईला हळू काही करताच येत नाही. दार उघडायचं तर लाथेने, लेकीला जेवायला हाक मारायची तर शिवीने, आणि स्टार्टर फोडायचा तर हातोड्याच्या एकाच घावात. नवरा नामा जिवंत होता तेव्हा पिऊन तिच्यावर हात टाकायचा. एकदा तिने तोच हात धरून चौकटीवर आपटला. मनगट मोडलं. मग स्वतःच त्याला रिक्षात घालून प्लास्टर करून आणलं, आणि लोकांदेखत कण्हतो म्हणून वाटेत आणखी दोन ठेवून दिल्या.

मी विठू. निजामपुऱ्यात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. भिवंडीचे लूम जोरात होते तेव्हा मला जेवायला फुरसत नसायची. आता लूम किलोवर विकले जातात. मालक लोखंडाचा भाव करतो, हमाल सांगाडे तोडून ट्रकमध्ये भरतात, आणि भिंतीवरचा स्टार्टर कोणीतरी उपटून कोपऱ्यात भिरकावतो. त्या स्टार्टरच्या पोटात तांब्याच्या पट्टीवर डाळीएवढा एक ठिपका असतो. बटण दाबलं की दोन ठिपके एकमेकांना चिकटतात आणि मोटार फिरते. त्याला आम्ही पॉइंट म्हणतो. तो चांदीचा असतो. वीस वर्षं मी ते झिजलेले पॉइंट काढून कचऱ्यात फेकले. ठकुबाई तेव्हा समोरच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला यायची. एक दिवस दुकानात वाकून म्हणाली, "हे पैंजनासारखं काळं का पडतंय रं?" काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसाही मी कधी घातला नव्हता.

तिने कांड्या सोडल्या आणि बंद पडणारे कारखाने धरले. खांद्यावर पोतं टाकून गल्ल्या पालथ्या घालायची. भंगारवाल्यांना ही बाई आधी गंमत वाटली, मग डोळ्यांत खुपायला लागली. एकाने भर बाजारात तिचं पोतं ओढलं, तर तिने त्याच्या कानाला दात लावले. कान तुटला नाही, पण तो माणूस अजून गमछा गुंडाळून फिरतो. मानकोलीच्या पलीकडे तिच्या गावात, घरामागच्या उघड्या अंगणात, ती ऐरणीवर पॉइंट सुटे करायची, तेजाबात विरघळवायची, मिठाने पांढरा साका खाली बसवायची आणि भट्टीत घालून चांदीची गोळी काढायची. सराफ तिला खुर्ची द्यायला लागले. चांदीवर घराला स्लॅब चढला, लेक वैशाली नर्स झाली. मला तिचा हेवा वाटायचा, आणि तेवढाच अभिमानही वाटायचा.

नामा गेला तो मोठ्या पॉइंटने. सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगच्या कारखान्यातल्या मोठ्या पॅनलमधून रुपयाएवढे जाड पॉइंट मिळाले होते. शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केली म्हणून नामाने ते खोलीत, दारं-खिडक्या लावून वितळवले. संध्याकाळी थंडी वाजून ताप आला, रात्रभर खोकला, चौथ्या दिवशी खेळ खलास. डॉक्टरने न्युमोनिया लिहिला. मला राहवेना. दुकानातली स्टार्टरच्या कंपनीची जुनी माहितीची वही काढून बघितली. त्या मोठ्या पॉइंटमध्ये चांदीबरोबर कॅडमियम असतं. ते तापलं की त्याचा धूर छाती जाळतो, आणि माणसाला ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मी ते ठकुबाईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग उठून भट्टीची वीट न् वीट फोडली. नवी भट्टी बांधली ती फक्त बारक्या पॉइंटसाठी. मोठे पॉइंट एका निळ्या पिंपात न जाळता साठवायचे आणि वर्षातून एकदा मुंबईच्या चांदी गाळणाऱ्या कारखान्याला तसेच कच्चे द्यायचे, असं तिने ठरवलं. त्यांच्याकडे धूर ओढून घेणारं यंत्र होतं.

गावातल्या गोदामांचं भंगार हिरामणच्या हातात होतं. बापाच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली आणि हा पोरगा सोन्याचं कडं घालून हिंडायला लागला. त्याचं एकच म्हणणं, या गावात माझ्याशिवाय कोणाची भट्टी पेटणार नाही. दोनदा सांगायला आला, दोनदा ठकुबाईने त्याची आई-बहीण काढून पिटाळला.

तिसऱ्यांदा आला तो भर दुपारी, दोन माणसं घेऊन. मी तिच्या अंगणात पॉइंटचं पोतं टाकायला गेलो होतो. त्यांनी भट्टी लाथाडली, तेजाबाचा कॅन उलटा केला, अंगण फसफसायला लागलं. ठकुबाईने हातोडा उचलून पहिल्याच्या गुडघ्यावर घातला. वाटी फुटल्याचा आवाज मी ऐकला. तो खाली बसून आईच्या नावाने ओरडत राहिला. मग उरलेल्या दोघांनी तिला पाडलं. हिरामणने पोटात लाथा घातल्या, केस धरून तोंड ऐरणीवर घासलं. तिचा ओठ फाटला, तरी शिव्या थांबल्या नाहीत.

मग त्याला निळं पिंप दिसलं. झाकण काढून त्याने मूठभर माल वर केला.

"हा जाड माल लपवून ठेवलास व्हय?"

"त्याला हात लावू नको. जाळू नको ते. धूर मारतो. माझा नामा त्यानंच गेला."

"नामा दारूनं गेला. सगळ्या गावाला ठाव हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ए विठ्या, धर तिचा हात."

मी धरला. माझ्या अंगात तेव्हा फक्त भीती होती, दुसरं काही नव्हतं. तिचा डावा हात दोन्ही हातांनी दाबून मी ऐरणीवर धरला. हिरामणने तिचाच हातोडा घेतला. तीन बोटं. दर घावाला तो विचारायचा, "खरं बोल, का लपवलंस?" आणि दर घावाला ती तेच म्हणायची, "जाळू नको." मार खाणाऱ्या माणसाचं खरंसुद्धा खोटं वाटतं. त्यांनी पिंप टेम्पोत चढवलं, गुडघा फुटलेल्याला वर टाकलं आणि गेले. मी ठकुबाईला दवाखान्यात नेलं.

हाताला प्लास्टर झालं तशी तिने मला जवळ बोलावलं. "विठू, हिरामनच्या घरी जा. माझं तो ऐकनार न्हाय. तू मेकॅनिक हायस, तू वही वाचलीस. ती वहीच घेऊन जा. दाराआड जाळू नको म्हनावं."

"तुझी बोटं चेचली त्याने! मरू दे की."

"मरंल तो मरंल. घरात त्याची बायको दिपाली हाय. लग्नाला वर्ष न्हाय झालं पोरीच्या. ती त्याच्या हाताखाली काम करते, मना ठाव हाय. तू हात धरलास त्याचं मी काय म्हनत न्हाय, तुझी फाटली होती. पन आता जा."

मी दुकानातून वही घेतली आणि स्कूटर काढली. मानकोलीच्या नाक्यावर कंटेनरची रांग लागली होती. कडेकडेने स्कूटर सहज निघाली असती. मी थांबलो. टपरीवर चहा घेतला, मग दुसरा घेतला. डोळ्यांसमोर दिपाली येत नव्हती, माझे दोन हात येत होते, त्या ऐरणीवरचे. मला हिरामण मेलेला हवा होता. मी तो हात कसा धरला, हे सांगत तो गावभर हसणार होता. आणि खरं सांगायचं तर त्याच्या दारात उभं राहायची माझी छातीही नव्हती. तासाभराने मी स्कूटर वळवली.

"सांगितलंस?" ठकुबाईने विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हनाला?"

"बरं म्हणाला."

तिने डोळे मिटले आणि लगेच घोरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरामणने मागच्या खोलीत भट्टी लावली. माल कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून दार आतून लावलं, खिडकीत गोधडी कोंबली. ब्लोअर धरायला दिपाली होती. संध्याकाळी दोघंही तापाने फणफणले. तो तिसऱ्या दिवशी गेला. शेवटी त्याला श्वास घेता येत नव्हता, कॉटची सळई त्याने दोन्ही हातांनी वाकवली होती म्हणे. हे ऐकून मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दिपाली वाचली, पण छातीचं मातेरं झालं.

गळ्यात हात अडकवून ठकुबाई तिला बघायला गेली. म्हणाली, "विठूनं सांगूनसुद्धा त्यानं का जाळलं गं?" दिपाली म्हणाली, "आमच्याकडं कोनीच आलं न्हाय, मावशी."

तिथून ती सरळ माझ्या दुकानात आली. उजव्या हाताने माझी मान पकडली आणि तोंड टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा, मी मोजणं सोडेपर्यंत. दोन दात पडले, नाक वाकडं झालं ते अजून वाकडंच आहे. गल्लीतले लोक जमले. कोणीतरी "अरे छुडाओ, मर जाएगा" म्हणालं, पण पुढे कोणी झालं नाही, आणि मीही हात वर केला नाही. ती थकली तेव्हा थांबली. खाली बसून रडली. नामा गेला तेव्हासुद्धा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"मी दिपालीकडे जातो," मी रक्त पुसत म्हटलं. "पाय धरतो, सगळं सांगतो."

"खबरदार!" ती म्हणाली. "तुला हलकं वाटावं म्हनून तिनं का ऐकायचं? तिला दर सोमवारी दवाखान्यात न्यायला मानूस न्हाय. तू न्यायचं. जल्मभर. आनि तोंड उघडायचं न्हाय."

आता ठकुबाई एका हाताने स्टार्टर फोडते. माझ्या दुकानातून माल उचलते, पण माझ्याशी बोलत नाही. सोमवारी मी दुकान बंद ठेवतो. दवाखान्याचा जिना चढताना दिपालीला तीनदा बसावं लागतं. तिची फाईल आणि पाण्याची बाटली माझ्याकडे असते. परवा दुसऱ्या वळणावर ती पायरीवर बसली, बराच वेळ तिचा श्वास जुळेना. मग माझ्याकडे बघून हसली.

"विठूभाऊ," ती म्हणाली, "सख्खा भाऊ करनार न्हाय येवढं करताय तुम्ही माझ्यासाठी."

मी झाकण उघडून बाटली तिच्या हातात दिली.