नळाला आलेली गोदावरी

माझी श्रद्धा बेताचीच, हे आधीच सांगून टाकतो. माझं आजारपण लांबलं तेव्हा आईनं नवस बोलला होता, की मुलगा हिंडूफिरू लागला म्हणजे पैठणचं गोदावरीचं पाणी वेरूळच्या घृष्णेश्वराला घालीन. मी बरा झालो आणि तिनंच अंथरूण धरलं. नवस राहिला याचा तिनं इतका घोर घेतला, की शेवटी मीच एकटा निघालो. पैठणच्या घाटावर प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून घेतलं आणि मुक्कामाला छत्रपती संभाजीनगरला आलो. लॉज परवडण्यासारखा नव्हता, म्हणून पडेगावातल्या एका शांत गल्लीत शकुंतलाबाईंची मागची खोली घेतली.

सकाळी गल्लीत एकच धांदल उडाली. नळ आले होते. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे आलं की बायका शिळं पाणी झाडांना ओततात आणि घरातलं भांडंन् भांडं भरून घेतात. मी आंघोळ करून आलो, तर माझी बाटली लख्ख धुतलेली आणि नितळ पाण्यानं काठोकाठ भरलेली.

"दादा, लई गढूळ पाणी व्हतं तुमच्या बाटलीत," शकुंतलाबाई कौतुकानं म्हणाल्या. "जास्वंदीला ओतलं. असलं पिऊन आजारी पडला असता की!"

देवासाठी आणलेलं गोदावरीचं पाणी झाडाला गेलं होतं. संध्याकाळी परतीची गाडी होती, पुन्हा पैठणला जाऊन मग वेरूळ गाठणं शक्यच नव्हतं. राग आला, पण करायचा कुणावर? आईला काय सांगू, या विचारानं डोळेच भरून आले. नवसाची हकिगत ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. मग नळाकडे बोट दाखवून म्हणाल्या,

"दादा, मी पैठण तालुक्यातलीच, पाचोडची. या नळाला पाणी कुठून येतं? पैठणच्या धरणातूनच की! गोदामाईच हाय ती. आन् आज आमची पाळी बी नव्हती. उद्या यायचं पाणी आजच कसं आलं, काय म्हाईत. म्हणलं, आधी पाव्हण्याची बाटली भरावी, मग आपले हंडे."

मी तीच बाटली पिशवीत ठेवली. वेरूळला तिथल्या रिवाजाप्रमाणे सदरा काढून गाभाऱ्यात गेलो आणि ते पाणी पिंडीवर घातलं. त्याला नळाच्या औषधाचा वास येत होता. तरी शेवटचा थेंब पडेपर्यंत मी बाटली उपडी धरून ठेवली.

बाहेर येऊन आईला फोनवर सगळं खरं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "'माझं' म्हणून जपलेलं पाणी होतं ते, म्हणून झाडाला गेलं. देवाला आधी पाहुण्याची बाटली भरणाऱ्या त्या बाईच्या हातचं हवं होतं."

तेव्हापासून हट्टानं काही धरून ठेवावंसं वाटलं, की ती जास्वंद आठवते आणि मूठ आपोआप सैल होते. आणि आमच्या घरी पाहुणा आला, की त्याचा तांब्या आम्ही आधी भरतो.