कानबाईशेजारचा फोटो

"कार्सिनोमा आहे," धुळ्याचे डॉक्टर म्हणाले. कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर. उजव्या स्तनात. मी मान हलवली आणि खिडकीतून त्यांच्या चेहऱ्यावर किती छान उजेड पडतोय, ते बघत बसले. मेहरूणला माझा फोटो स्टुडिओ आहे, सवय काही जात नाही. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

मग मास्टेक्टॉमी झाली, म्हणजे अख्खा स्तन काढला. त्यानंतर केमोथेरपी, म्हणजे शिरेतून द्यायची औषधं. वेटिंग रूममध्ये सगळ्या जणी समोरच्या भिंतीकडे बघत बसायच्या. मीही बसायचे. केस गेले.

घरी आले की स्टुडिओत टायमर लावून स्वतःचे फोटो काढायचे. व्रण, काळी पडलेली शीर, सुटलेलं ब्लाउज. सगळे गळ्याखालचे. चेहरा आलाच तर ही बाई कोण, असं व्हायचं. लगेच डिलीट. जन्मभर नवऱ्या मुलींना "हनुवटी वर" म्हणत आले, आणि स्वतःची हनुवटी काही फ्रेममध्ये घेववेना.

श्रावणात कानबाई आली. सोललेल्या नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून आम्ही देवी बसवतो. आमच्याकडे रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येकाच्या नावानं मूठभर गहू घेतात, आणि तो रोट घरच्यांनीच संपवायचा असतो. मी सासूबाईंना म्हटलं, यंदा माझी मूठ नको. तोंडाला चव नाही, आणि असलं डोकं घेऊन देवीपुढे काय येऊ?

त्या गहू निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तू घरमा शेस ना? मंग तुनी मूठ बी शे. आनि कानबाईले तरी कोठे केस शेतस? ती लाजस का?"

माझ्या नावाची मूठ त्यांनी सुपात टाकली. देवीची नथ मग मीच लावली. ट्रायपॉड समोर उभा केला, डोक्याचा रुमाल काढला आणि देवीशेजारी बसले.

"हनुवटी वर कर," सासूबाई दारातून म्हणाल्या.

फोटोत मी हसत नाहीये. पण तो मी ठेवलाय.

सध्या रिपोर्ट चांगले आहेत. "तपासण्या सोडू नका," डॉक्टर सांगतात. तुमच्यापैकी कुणी त्या वेटिंग रूममध्ये बसलं असेल आणि मनाला काहीच वाटत नसेल, तर घाबरू नका. मलाही वाटत नव्हतं. फक्त तुमच्या नावाची मूठ कुणी घेत असेल, तर घेऊ द्या.

त्या दिवशी रोटाला चव लागली नाही. तरी माझा वाटा मीच संपवला. ताट रिकामं होईपर्यंत सासूबाई समोर बसून होत्या.