मुराळ्याऐवजी मोटार

दोन दिवाळ्या आमच्या अंगणात एक मोटार पडून होती, आणि तिच्याभोवती झाडता झाडता माझी कंबर गेली. मोटार कसली, नुसता सांगाडा. धाकटे दीर हैदराबादेत कॉलेजात शिकायचे. ते सुट्टीला आले की ठोकाठोक सुरू व्हायची. ते गेले की आमचे हे, कापसाच्या जिनिंग गिरणीतून दमून आल्यावर, पुढचं काम हातात घ्यायचे. जर्मनची लढाई नुकतीच संपलेली. दिव्यापुरतं रॉकेल मिळायची मारामार, आणि या दोघांना मोटार हवी होती.

दिरांचं म्हणणं असं, की मोटारी काय जहागीरदारांनीच उडवायच्या? शिकणाऱ्या पोराला परवडेल अशी गाडी का असू नये? "आन् वैनी, नुसती स्वस्त न्हाय, बसल्यावर मजा आली पायजे," असं ते मला मी भाकरी थापत असताना ऐकवायचे. धुरानं डोळे चोळणाऱ्या बाईपुढं मजेची गोष्ट काढायला माणूस फारच शिकलेला लागतो.

इंजिन एका मोडक्या फटफटीचं होतं. दोन चाकं तिचीच, दोन कुठून तरी पैदा केलेली. रॉकेलचे डबे ठोकून सरळ केले आणि तो पत्रा बाहेरून मारला. बसायला बाजेसारखी सुंभाची विणलेली बैठक केली. पत्रा कमी लागावा म्हणून दोन बैठका शेजारी न ठेवता एकीमागं एक ठेवल्या, त्यामुळं गाडी झाली लांबोडी आणि अरुंद. रंग पिवळा, कारण पिवळ्यानं म्हणे मजा वाढते. भोंपू मात्र सगळ्यात आधी बसला. गाडी हलत नव्हती, पण वाजत होती.

हे सगळं मी सोसत होते ते एकाच गोष्टीसाठी. मला माहेरी जायचं होतं. माहेर तेर गावाच्या पलीकडं, एका लहानशा खेड्यात. तिथं एकटे आप्पा. आई केव्हाच गेलेली, भाऊ मला नाही. आमच्याकडं लेकीला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं, मुराळी. आप्पा स्वतःच मुराळी होऊन, बैलगाडी जुंपून यायचे. मग त्यांचे गुडघे गेले, बैल गेले, आणि माझं जाणं थांबलं. सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांचं एकच पालुपद असायचं. "मुराळी आल्याबिगर सून आपनहून पोचवायची म्हंजे टाकल्यासारकं दिसतं. लोक काय म्हनतील?" लोक काय म्हणतील याचा विचार मीही करत होते, हे खरं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आप्पांनी आज काय शिजवलं असेल, एवढंच मनात यायचं.

त्यावर दिरांनीच तोड काढली. "मोटार झाली की पयली चक्कर तुमच्या गावाला. आमी गाडी दाखवाया चाललोय म्हनायचं. मागं वैनी बसल्या, तर कुनाचं काय जातंय?" सासूबाईंना हे पटलं. गाडी दाखवायला जाणं म्हणजे सून पोचवणं नव्हे. तेव्हापासून मी त्या मोटारीला शिव्या द्यायचं बंद केलं आणि पत्रा धरायला लागले.

दुसऱ्या दिवाळीला ती चालली, आणि ठरल्याप्रमाणं आम्ही माझ्या माहेराकडं निघालो; बैठका दोनच, म्हणून पुढं दीर, मागं मी, आणि हे घरी. पेट्रोल थोडं होतं. त्यावर सुरू करायची आणि मग रॉकेलवर ओढायची. धूर असा की मागं बसून मी नाकावरचा पदर सोडला नाही. पण सडकेवर ती पळाली, खरंच पळाली. शेतातली माणसं उभी राहून बघत होती. दीर उगाच भोंपू वाजवत होते. मलाही हसू आलं. मजा म्हणतात ती हीच असावी.

तेर मागं पडलं, सडक सुटली आणि काळ्या रानातली गाडीवाट लागली. पावसाळ्यात बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आता वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. आमची अरुंद गाडी त्यात बसेना. एका बाजूची चाकं चाकोरीत खोल, दुसऱ्या बाजूची मधल्या उंचवट्यावर. थोडं अंतर ती तशीच कलंडत गेली, मग पोट टेकून जागच्या जागी बसली. दीर खाली उतरले, वाकून बघितलं आणि बांधावर टेकले.

"वैनी, समदं मोजलं. चाकोरीचं ध्यानातच आलं न्हाय."

मला राग आला. दोन दिवाळ्या हे दोघे भाऊ मोजत होते, आणि एकालाही गावाकडची वाट आठवली नाही. पण त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की बोलायचंही जिवावर आलं. गाडी टाकून त्यांना येता येईना, आणि बैल मिळेपर्यंत दिवस गेला असता. मी फराळाचा डबा काखोटीला मारला.

"एकल्याच जाता? आई इचारंल की."

"आईंना सांगा, मोटारीनं गेल्या."

ढेकळं तुडवत मी निघाले. पाय भरून आले. वाटेत एक बाई भेटली, तिनं "मुराळी कुठं हाय?" म्हणून विचारलंच. मी थांबले नाही.

आप्पा ओट्यावर बसले होते, वाळले होते फार. मला ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी माझ्या मागं वाटेकडं पाहिलं.

"कुनी आनलं तुला?"

"कुनी न्हाय आप्पा. निम्म्या वाटंपतोर गाडी व्हती. तितनं चालत आले."

"येकलीच?"

"व्हय."

त्यांनी माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडं पाहिलं.

"चालत येता येत व्हतं," ते म्हणाले, "मग येवढे दिस का न्हाय आलीस, बाई?"

मी पाय धुवायचं निमित्त करून परसात गेले आणि रांजणाला टेकून रडले.