खाऱ्या पाण्यातली मोहरी

आमच्या नाशिकच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाला लागून समुद्र आहे. तो नवऱ्यानं आणला. काचेची मोठी टाकी, दगड, प्रवाळ, पंप, दिवे आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, असा सगळा संसार त्यानं हौसेनं मांडला आणि मग त्याची चेन्नईला बदली झाली. तिथे खरा समुद्र आहे. हा माझ्याकडे राहिला.

पावसाळ्यात दगडांवर हिरवे केस उगवले. आधी मला बरंच वाटलं. माझ्या हातून कुंडीतला पुदिनाही जगत नाही, इथे न सांगता काहीतरी वाढत होतं. मग ते शेवाळ प्रवाळांच्या अंगावर चढलं आणि प्रवाळ मिटून बसले. नवऱ्यानं फोनवरून सूचना दिल्या. दिवे कमी वेळ लाव, पाणी बदल, दगड टूथब्रशनं घास. मी बाह्या सरसावून दर रविवारी समुद्राचे दात घासू लागले. पुढच्या रविवारी शेवाळ नव्या दमानं हजर. मुंबईहून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मागवल्या. त्यांनी काच चाटूनपुसून स्वच्छ केली आणि दगडांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी त्यांच्यावर चिडले नाही. आमच्या ऑफिसातही काही जण सोपं तेवढंच काम करतात.

शेवटी नवरा म्हणाला, दिवाळीला येतो तेव्हा टाकी विकून टाकू, एक जण घ्यायला तयार आहे. एरवी मी त्या माणसाला त्याच दिवशी बोलावलं असतं. पण प्रश्न सासऱ्यांचा होता.

सासूबाई गेल्यावर त्यांनी दुपारचं जेवण जवळजवळ सोडलं होतं. मी सकाळी पोळी-भाजी करून ऑफिसला जायचे, संध्याकाळी येऊन पाहावं तर सगळं झाकलेलं तसंच. विचारलं की म्हणायचे, भूक नव्हती. पँट पट्ट्याच्या शेवटच्या भोकावर आली होती. मग टाकी आली. ते तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसू लागले आणि हळूहळू डबे रिकामे मिळू लागले. डॉक्टरांनी त्याचं श्रेय स्वतःच्या टॉनिकला दिलं. मला ठाऊक होतं, सासऱ्यांना जेवायला घालत होते ते मासे. टाकी गेली तर ते पुन्हा ‘भूक नव्हती’वर येतील, या भीतीनं मी तो टूथब्रश चालवत होते.

सासरे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी बॉयलरचं पाणी तपासलं. त्यामुळे टाकीच्या पाण्याची तपासणी त्यांनी आपणहून अंगावर घेतली. काचेच्या नळीत थेंब टाकायचे, हलवायचं, उजेडात धरायचं. पाण्यात फॉस्फेट जितकं जास्त तितका रंग निळा, आणि शेवाळ त्याच्यावरच पोसतं. दर वेळी रंग गडद यायचा. दर वेळी ते चष्मा काढून मला एकच वाक्य ऐकवायचे, की पाण्यात काहीही आपोआप येत नाही, कोणीतरी ते घालतं. घालणारी म्हणून घरात मी एकटीच होते. मी एक दिवसाआड चिमूटभर खाणं टाकायचे. तेही निम्मं केलं. मासे माझ्याकडे काचेतून बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका रविवारी टाकीखालची गाळणीची पिशवी धुवायला घेतली. उलटी केली तर तळाशी मोहरीचे दाणे. तडतडलेले. शेजारी मेथीचं एक पान. शनिवारी मेथीची भाजी मीच केली होती आणि माझी फोडणी मी कुठेही ओळखते.

मी ती पिशवी तशीच ओली घेऊन बाहेर आले. मनात चांगलं चार शब्दांचं भाषण तयार होतं. सासरे पेपर वाचत होते. मी टेबलावर मोहरी ठेवली.

“बाबा, पाण्यात काही आपोआप येत नाही.”

त्यांनी दाणे पाहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पेपराची घडी घालत बसले. ती घडी काही केल्या जमेना.

“एवढासाच असतो गं,” ते म्हणाले. “हिचा गायीचा घास.”

सासूबाई जेवायच्या आधी पोळीभाजीचा एक घास बाजूला काढायच्या आणि खाली फाटकाशी येणाऱ्या गायीला नेऊन द्यायच्या. नंतर सोसायटीनं फाटक बंद ठेवायला सुरुवात केली आणि गाय यायची थांबली. हे मला माहीत होतं. घास थांबला नव्हता, हे माहीत नव्हतं.

“माशांना सोसत नाही, बाबा.”

“कळतंय मला. पण दोघं काचेला तोंड लावून बघत असतात. त्यांच्यादेखत एकट्यानं कसं जेवायचं?”

माझं भाषण तिथेच संपलं. मला रडू आलं, म्हणून मी पिशवी धुवायला आत गेले आणि ती गरजेपेक्षा बराच वेळ धुतली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला डबा नेला नाही. दुपारच्या सुट्टीत स्कूटर काढून घरी आले आणि त्यांच्या शेजारी पान घेतलं. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला. सवयीनं हात टाकीच्या झाकणाकडे गेला आणि मधेच थांबला. मासे काचेला तोंड लावून होतेच. सासऱ्यांनी तो घास माझ्या ताटात ठेवला. मी खाल्ला. मग ते जेवायला लागले.

तेव्हापासून रोज तसंच चाललं आहे. माझं वजन वाढलं. शेवाळ मात्र आधी पिवळं पडलं, मग झडलं, आणि नळीतला निळा रंग इतका फिका आला की सासऱ्यांनी तपासणी पुन्हा करून पाहिली.

दिवाळीच्या आधी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन टाकीवर धरला. प्रवाळ उघडले होते. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो, तो म्हणाला, आणि मग त्यानं विचारलं, “औषध कोणतं घातलंस?”

“दुपारी घरी जेवायला येते,” मी म्हणाले.

त्याला वाटलं, आवाज तुटतोय. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.